पंडिता रमाबाई : श्रद्धेची स्वतंत्र वाट

पुण्याहून सोलापूरकडे जाणारी गाडी दौंडच्या अलीकडे केडगाव स्थानकावरून पुढे जाते. त्या गाडीतल्या किती प्रवाशांना हे गाव आणि पंडिता रमाबाई यांचे नाते ठाऊक असते, कोण जाणे. पाठ्यपुस्तकातून आपल्याला भेटतात त्या समाजसुधारक रमाबाई. विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, हंटर कमिशनपुढे निर्भयपणे साक्ष देणाऱ्या. त्या ख्रिस्ती झाल्या होत्या हे वाक्यही तिथे असते, पण नको असलेल्या पाहुण्यासारखे कोपऱ्यात बसवलेले. मिशनऱ्यांनी लिहिलेल्या चरित्रांत याच्या अगदी उलट प्रकार आढळतो. तिथे बाप्तिस्मा झाला की जणू सारे प्रश्न मिटतात. प्रत्यक्षात रमाबाईंचे प्रश्न तिथून सुरू झाले. ख्रिस्ताला मानायचे म्हणजे कोणाकोणाला मानायचे, हा त्यांतला सर्वांत अवघड प्रश्न होता आणि तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

प्रश्न विचारण्याची सवय घरचीच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, त्यावरून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला आणि शेवटी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे बिऱ्हाड थाटले. तिथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरू लागले. आईच्या तोंडून ऐकत ऐकत मुलीने हजारो श्लोक कंठस्थ केले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ थोरली बहीण गेली. उरलेली दोन भावंडे, श्रीनिवास आणि रमा, अर्धपोटी देशभर पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुणीला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. ज्या शास्त्रांच्या बळावर हा मान मिळाला, त्यांतच स्त्रीविषयी काय लिहिले आहे हे पाहून त्यांचा विश्वास मात्र डळमळू लागला होता. वेद वाचून पाहा, असे केशवचंद्र सेनांनी सुचवले. त्यांनी ते वाचले आणि अस्वस्थता वाढतच गेली.

१८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी जातीची आणि प्रांताची बंधने झुगारून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सापडली आणि तिने त्यांचे मन ओढून घेतले. पतीला हे रुचले नाही. दोघांत हा विषय पुढे किती ताणला गेला असता, सांगता येत नाही, कारण १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने बिपिनबाबू गेले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी वर्षही न भरलेली मनोरमा, आणि जवळचे म्हणावे असे कोणी उरलेले नाही.

त्या पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन झाला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक निघाले. त्याच्या उत्पन्नातून प्रवासखर्चाची सोय करून वैद्यकी शिकण्याच्या हेतूने रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. श्रवणशक्ती मंद असल्याने वैद्यकीचा बेत फसला. त्यांचा मुक्काम वाँटेज या गावी अँग्लिकन सिस्टरांच्या मठात होता. तिथे काही काळातच त्यांच्याबरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत हा आघात त्यांनी कसा सोसला असेल याची कल्पना करवत नाही. त्यानंतर लवकरच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे ग्रंथवाचन होते, नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्यासारख्या विद्वान धर्मांतरिताचा प्रभावही होता. पण रमाबाईंनी स्वतः पुढे जे कारण सांगितले ते निराळे आहे. वाँटेजच्या सिस्टर लंडनमध्ये फुलहॅम येथे, समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. अशा स्त्रियांना कोणी जवळ करते, हे रमाबाई आयुष्यात प्रथमच पाहत होत्या. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची आणि येशूची कथा सांगण्यात आली. रमाबाईंना ख्रिस्त भेटला तो असा, ईश्वरशास्त्राच्या पोथीबाहेर.

ईश्वरशास्त्राची पोथी मात्र लगेच पुढे आली. मठात त्यांची धर्ममाता असलेल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी रमाबाईंचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. एकोणिसाव्या शतकातील एका हिंदी स्त्रीने आपल्या धर्मगुरूंशी केलेला असा वाद दुसरीकडे क्वचितच वाचायला मिळेल. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांच्या बुद्धीला पटत नव्हता आणि न पटलेले मुखाने म्हणायला त्या तयार नव्हत्या. इतके पंथ एकाच ख्रिस्ताचे नाव घेऊन परस्परांना चुकीचे ठरवतात, मग आपण बायबल स्वतः वाचून निर्णय का घेऊ नये, असा त्यांचा सवाल होता. सिस्टरांच्या क्रूसावरची अक्षरे लॅटिन कशासाठी, हिंदी स्त्रियांच्या क्रूसावर ती संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. अंडे घातलेला पदार्थ त्या खात नसत. हा जातीचा जुना अभिमान आहे, असे मठाला वाटे. नव्या धर्माचा आपल्या ताटातल्या अन्नाशी काही संबंध नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा विषय निघाला तेव्हा थेट हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ब्राह्मणांची सत्ता झुगारून आलेल्या या बाईने बिशपांची सत्ताही तितक्याच सहजपणे नाकारली. आपला विवेक आपण कोणाकडे गहाण ठेवलेला नाही, हे त्यांनी पत्रांतून पुनःपुन्हा कळवले.

सिस्टर जेराल्डिनना या प्रकरणात खलनायिका ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे होणार नाही. रमाबाईंवर त्यांचे प्रेम होते आणि मनोरमेला त्यांनी वाढवले. शिवाय स्वतःला प्रतिकूल ठरतील अशी पत्रेसुद्धा त्यांनी जपून ठेवली, संकलित केली. ती जपली नसती तर हा सारा संवाद आपल्याला कळलाच नसता. त्यांना रमाबाईंत अहंकार दिसत होता, आणि काही पत्रे वाचताना तो अगदीच नव्हता असे म्हणवत नाही.

इकडे महाराष्ट्रात या धर्मांतराने खळबळ माजली होती. ज्यांनी रमाबाईंना डोक्यावर घेतले होते त्यांनाच विश्वासघात झाल्यासारखे वाटले. त्यांची बाजू जाहीरपणे घेणाऱ्या मोजक्या मंडळींत जोतीराव फुले होते. १८८५ च्या 'सत्सार' या पुस्तिकेत त्यांनी हा विषय हाताळला आहे.

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि दोन-अडीच वर्षे तिथेच राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये निघाले. गावोगाव व्याख्याने झाली, बोस्टनमध्ये त्यांच्या नावाचे मंडळ स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळाले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. शाळा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील, हा शब्द होता. सल्लागार मंडळात रानडे आणि भांडारकर होते.

हा शब्द पाळणे रमाबाईंच्या श्रद्धेला सर्वांत कठीण गेले, असे मला वाटते. १८९१ च्या सुमारास त्यांच्या अंतरंगात आणखी एक पालट झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त स्वतः मिळाला नव्हता, अशी त्यांची जाणीव झाली. आठ वर्षांपूर्वी पाण्याने झालेला बाप्तिस्मा आता कोठे मनाला पोहोचत होता. त्या सकाळी आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करीत आणि खोलीचे दार उघडे असे. सदनातल्या काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. रमाबाईंनी कोणाला बोलावले नाही, तसे कोणाला बाहेरही काढले नाही. दार लावून घेणे म्हणजे आपण ज्यावर जगतो ते लपवणे, असे त्यांना वाटत होते. परंतु ज्या घरांनी आपल्या विधवा मुली तटस्थतेच्या भरवशावर सदनात पाठवल्या होत्या, त्यांना त्या उघड्या दारातून काय दिसले असेल? 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालक मुलींना घेऊन गेले. रमाबाईंनी करार मोडला नव्हता, हे खरे. पण एका निराधार मुलीला आश्रय देणाऱ्या बाईचे उदाहरण हाच मोठा उपदेश असतो, ही सल्लागारांची अडचणही खरी होती. याच वर्षी सदनाच्या एका विद्यार्थिनीशी, विधवा गोदूबाईंशी, धोंडो केशव कर्वे यांनी विवाह केला. ख्रिस्ती बाईच्या शाळेतून महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा दुसरा प्रवाह निघाला, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाच्या लक्षात आली नसावी.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या. तिथली उपाशी मुले पाहून त्यांना स्वतःचे पोरकेपण आठवले. रस्त्यावरच्या मुली आणि विधवा त्यांनी शेकड्यांनी बरोबर आणल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्या जणींना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावच्या माळावर घेतलेली जमीन कामी आली. आधी तंबू आणि छपरे, मग विहिरी, मग इमारती. त्याच सुमारास पुण्याच्या प्लेग इस्पितळात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल त्यांनी वृत्तपत्रात जाहीर पत्र लिहिले. गोष्ट पार्लमेंटपर्यंत गेली आणि मुंबई सरकारने आरोप नाकारले. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असे समजणाऱ्यांना हे पत्र अडचणीचे वाटावे.

१९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर मुक्ती सदनातील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. इथे जात विचारली जात नसे. शेती, विणकाम, दूधदुभते, तेलाचा घाणा, छपाई अशी सारी कामे बायका करीत. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल शिकवीत. फुलहॅमच्या त्या भेटीची आठवण कृपा सदनाच्या रूपाने उभी राहिली. ज्यांना कोणतेच घर दार उघडणार नाही, अशा स्त्रियांसाठी ते होते. १९०५ मध्ये मुक्तीत प्रार्थनेची विलक्षण लाट आली आणि तिची वार्ता जगभरच्या ख्रिस्ती मंडळांत पोहोचली. बुद्धिवादी वाचकाला हे प्रकरण पचायला जड जाते. चेल्टनहॅममध्ये शब्दाशब्दाचा कीस पाडणारी रमाबाई आणि मध्यरात्री शेकडो मुलींसह अश्रू ढाळणारी रमाबाई एकच कशी, असा प्रश्न पडतो. पण दोन्ही ठिकाणी ती ईश्वराशी मध्यस्थावाचून बोलू पाहत होती, एवढे ध्यानात घेतले तर तुटलेपण जाणवत नाही.

शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यांनी एका कामाला वाहून घेतली. प्रचलित मराठी बायबल खेड्यातल्या बाईला समजत नाही, म्हणून संपूर्ण ग्रंथ मूळ भाषांतून नव्याने मराठीत आणायचा. त्यासाठी पन्नाशीच्या आसपास त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषा आत्मसात केल्या. जिला सरस्वती म्हणून गौरवले, तिने संस्कृतप्रचुर शब्द एकेक करून खाली ठेवले आणि बायकांच्या बोलण्यातले शब्द उचलले. हे भाषांतर मुळाशी इतके चिकटून चालते की काही ठिकाणी वाक्ये अडखळतात, आणि मराठी चर्चमध्ये ते फारसे रूढ झाले नाही. साहित्यकृती म्हणून त्याची थोरवी सांगण्याचे कारण नाही. तरी बिशपाने सांगितलेले मानण्यापेक्षा स्वतः वाचून ठरवीन, हा वाँटेजमधला हट्ट इथे निराळ्या रूपात दिसतो. जे स्वतःसाठी मागितले, ते आता केडगावच्या निरक्षर मुलीसाठीही हवे होते.

या श्रद्धेची किंमत मनोरमेनेही मोजली. तिचे बालपण कधी आईजवळ, कधी सिस्टरांकडे असे विभागले गेले. परदेशी शिकून आल्यावर तिने स्वतःचे वेगळे आयुष्य मागितले नाही. गुलबर्गा येथे मुलींची शाळा काढली, मुक्तीचा भार उचलला. आईनंतर तीच सारे सांभाळणार, हे ठरलेले होते. १९२१ च्या जुलैमध्ये मिरजेच्या इस्पितळात, चाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. अंगावर तेच पांढरे सुती लुगडे, समोर तपासायची मुद्रिते. मुलीच्या मागे आणखी आठ-नऊ महिने त्या काम करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे देहावसान झाले, तेव्हा भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ मुक्तीच्याच छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला. त्या छापखान्यात राबणाऱ्यांत, एके काळी दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलीही होत्या.