‘उशीर झाला’ असं वाटतंय? अण्णा कर्वे वाचा

वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या हातात ऑफर लेटर आणि आपलं अजून काहीच नाही, म्हणून रात्रीची झोप उडालीय? मग हा हिशेब बघा. मॅट्रिक तेविसाव्या वर्षी. बीए सव्विसाव्या वर्षी. स्वभाव असा बुजरा, की चारचौघांत तोंड उघडायची पंचाईत. आज असा बायोडेटा कुणी बाजूलाच ठेवला असता. हा बायोडेटा महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा.

१८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात जन्म, वाढले मुरुडला. परिस्थिती बेताची. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सातारा गाठायचं होतं. अंतर साधारण १७५ किलोमीटर. सोबत्यांबरोबर घाट चढून चालतच गेले. तिथे पोचल्यावर कमिटीने चेहरा बघून ठरवलं की हा मुलगा सतरा वर्षांचा वाटत नाही, आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं? अण्णा परत आले आणि पुन्हा अभ्यासाला लागले.

पुढे मुंबईत शिकवण्या करत शिकले. गणित घेऊन १८८४ मध्ये बीए. १८९१ मध्ये फर्ग्युसनमध्ये गणिताचे प्राध्यापक. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. मुरुडने बहिष्कार टाकला. तरी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला, तेव्हा वय ३८.

आता मुद्द्याचं. आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला तेव्हा अण्णांची नोकरी शहरातच होती. दिवसभर लेक्चर, मग सहा-साडेसहा किलोमीटर चालत हिंगणे, तिथे मुलींना शिकवायचं, आणि परत. ऊन असो, पावसाचा चिखल असो. जोडीला दुसरी सवय, पैशापैशाचा हिशेब लिहायची. लोक विश्वासाने देणगी देत, त्याचं एक कारण हेच.

आज मेंदूचे डॉक्टर हेच सांगतात. नियमित चालण्याने मेंदूला रक्तपुरवठा चांगला होतो, मनावरचा ताण उतरतो. दिवसा वाचलेलं पक्कं होतं ते रात्रीच्या झोपेत. शिवाय माणसांत मिसळणं आणि नवं शिकत राहणं, यानेही उतारवयात बुद्धी तल्लख राहायला मदत होते. अण्णांनी यातलं काही ‘ब्रेन हेल्थ’ म्हणून केलं नाही. गाडीभाड्याचे पैसे वाचवायचे होते, काम उरकायचं होतं. पण सवय लागली ती लागलीच.

पुढचे आकडे बघा. महिला विद्यापीठ १९१६ मध्ये, वय ५८. परदेश दौऱ्यावर निघाले १९२९ मध्ये, सत्तरी पार करून. ७८व्या वर्षी खेड्यांतल्या शाळांसाठी नवी संस्था काढली आणि वर्गणीसाठी पुण्यात पायी फिरले. १९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, भारतरत्न. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले, वय १०४.

चालल्यामुळेच एवढं जगले, असं कुणी म्हणू नये. नशीब आणि शरीराची ठेवण यांचाही वाटा असतोच. घर सांभाळायला बाया, म्हणजे त्याच गोदूबाई, होत्या, हेही विसरू नका. पण साठीला ज्याचं डोकं थकलंय, त्याला साठीनंतर नवं काम काढता येत नाही, एवढं नक्की.

आता आपल्याकडे या. चिखलोलीहून अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशन गाठायचं, लोकलमध्ये लटकायचं, रात्री घरी येऊन जेवायचं आणि मग दोन वाजेपर्यंत रील्स. सकाळी इंटरव्ह्यूला डोकं जड. दोष तुमच्या हुशारीचा नसतो, झोपेचा असतो.

प्रवास काही कमी होणार नाही. पण जमेल त्या दिवशी रिक्षा थोडी आधी सोडून चाला. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. फोन उशाशी नको, दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि महिनाभर रोज दोन ओळी लिहा: किती झोपलो, किती चाललो. पैशापैशाचा हिशेब लिहिणाऱ्या गणिताच्या मास्तरांना हे नक्की पटलं असतं.