बिशप जॉन कॅरल आणि जॉर्जटाउनचें विद्यापीठ

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथें, पोटोमॅक नदीच्या कांठच्या टेकडीवर, जॉर्जटाउन विद्यापीठ उभें आहे. हें जेझुइट, म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूंचें, खासगी विद्यापीठ. राष्ट्राचे कित्येक न्यायाधीश व परराष्ट्रवकील, तसेंच राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन, येथेंच शिकले. त्याचा पाया घालणाऱ्या पुरुषाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

जॉन कॅरल ह्यांचा जन्म ता. ८ जानेवारी १७३५ रोजीं मेरीलँड प्रांतांत एका सधन कॅथॉलिक कुटुंबांत झाला. त्या काळीं तेथें इंग्रजांचा अंमल होता, आणि कॅथॉलिकांना मत देण्याचा किंवा उघडपणें शाळा चालविण्याचा अधिकार नव्हता. म्हणून १७४८ सालीं ह्या बालकास विद्येसाठीं समुद्रापलीकडे सेंट ओमेर येथें जावें लागलें. १७५३ सालीं ते येशूसंघांत शिरले. परंतु १७७३ सालीं पोप चौदावे क्लेमेंट ह्यांनीं तो संघच विसर्जित केला. ज्या घरांत आयुष्य वेंचावयाचें तें घरच मोडलें! दुसऱ्या वर्षीं ते मायदेशीं परतले व वृद्ध आईजवळ राहून धर्मसेवा करूं लागले.

लौकरच स्वातंत्र्ययुद्ध पेटलें. १७७६ सालीं कॅनडाच्या लोकांचें मन वळविण्यासाठीं बेंजामिन फ्रँक्लिन ह्यांच्यासह कॅरल तिकडे गेले. तें कार्य फसलें. पण परतीच्या वाटेवर आजारी फ्रँक्लिन ह्यांची त्यांनीं मनोभावें शुश्रूषा केली.

स्वातंत्र्य मिळालें, कॅथॉलिकांवरील बंधनें सुटलीं. १७९० सालीं कॅरल अमेरिकेचे पहिले कॅथॉलिक बिशप झाले. त्यापूर्वींच, १७८९ सालीं, त्यांनीं जॉर्जटाउन येथें विद्यालयासाठीं जागा घेतली होती. द्रव्य थोडें, शिक्षक त्याहून थोडे. तरीहि त्याचें द्वार त्यांनीं सर्व पंथांच्या मुलांस उघडें ठेविलें. ज्यास स्वतःला लहानपणीं शाळेचें दार बंद होतें, त्यानें दुसऱ्यास तें बंद केलें नाहीं, हें आम्हांस विशेष वाटतें. १७९१ सालीं आलेला पहिला विद्यार्थी विल्यम गॅस्टन पुढें कायदेमंडळाचा सभासद झाला, आणि त्याच्याच खटपटीनें १८१५ च्या मार्च महिन्यांत विद्यालयास पदव्या देण्याची राष्ट्रीय सनद मिळाली. त्याच वर्षीं, ता. ३ डिसेंबर रोजीं, कॅरल निवर्तले.

परंतु सत्य झांकून चरित्र सांगूं नये. गुलामगिरीचा कलंक ह्या कार्यासहि लागला होता. कॅरल ह्यांच्या पदरींहि गुलाम होते. त्यांच्या पश्चात् १८३८ सालीं मेरीलँडच्या जेझुइटांनीं २७२ स्त्रीपुरुष व मुलें लुइझियानांतील मळेवाल्यांस विकलीं, आणि त्या पैशाचा कांहीं भाग विद्यालयाचें कर्ज फेडण्यांत गेला. २०१७ सालीं विद्यापीठानें व येशूसंघानें ह्याबद्दल त्या लोकांच्या वंशजांची जाहीर क्षमा मागितली, आणि विकलेल्यांच्या यादींतील पहिलें नांव, आयझॅक हॉकिन्स, एका इमारतीस दिलें.

विद्यार्थ्यांनो, आपली शाळा मोठी कशानें होते? इमारतींनीं नव्हे. ती कोणास दार उघडते, आणि आपला दोष दिसल्यावर तो कबूल करते कीं नाहीं, ह्यावरून तिची पारख होते. कॅरल ह्यांनीं पहिला धडा घालून दिला; दुसरा शिकण्यास त्यांच्या विद्यापीठास दोन शतकें लागलीं. आपण दोन्ही आजच शिकूं या.