शाळांचा कारभारी : नाना शंकरशेट

मुंबईच्या जगन्नाथ शंकरशेटांचे नाव निघाले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आगगाडी उभी राहते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी सुटली, तिच्यात नाना बसले होते आणि ती काढणाऱ्या कंपनीच्या एतद्देशीय संचालकांत त्यांचे नाव होते, हे शाळकरी मुलांसही ठाऊक असते. ज्या घरांत संस्कृतची आवड होती, तेथे मॅट्रिकच्या परीक्षेतील जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचेही मोठे अप्रूप असे. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळविली, हे अनेक वडीलधारी माणसे अभिमानाने सांगत. परंतु ज्या कामात या गृहस्थांनी ऐन तारुण्यापासून आपला वेळ, पैसा आणि मान खर्ची घातला, ते काम तितके डोळ्यांत भरणारे नव्हते. ते होते शाळा चालविणाऱ्या मंडळात बसण्याचे काम.

या कामाकडे माझे लक्ष गेले ते माझ्या नोकरीमुळे. सुरतेच्या कतारगामात मी मुलांना गाणे शिकवितो. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांस कतारगाम ठाऊक आहे ते तेथील पापडीमुळे. हिवाळ्यात उंधियो करावयाचा तर पापडी तिकडचीच हवी, असा सुगरणींचा आग्रह असतो. एके काळचे ते शेतामळ्यांचे गाव आता शहराच्या पोटात गेले आहे आणि हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजले आहे. सौराष्ट्रातून आलेल्या कारागिरांची मुले तेथे शिकतात, आणि खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या आपल्या माणसांची मुलेही शहरात ठिकठिकाणी शिकतात. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सरकारी व नगरपालिकांच्या शाळांतून व्यवस्थापन समित्या आल्या. त्यांत तीन चतुर्थांश सभासद मुलांचे आईबाप असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. म्हणजे काल घाटीवर हिरा घासणारा बाप किंवा साडीवर टिकल्या लावणारी आई आज शाळेच्या समितीच्या अध्यक्षस्थानी बसू शकते. त्यांस प्रशिक्षण म्हणून एकदोन दिवस बोलावतात, छापील पुस्तिका देतात. परंतु खुर्चीवर बसून नेमके करावयाचे काय, हा प्रश्न पुस्तिकेने पुरता सुटत नाही. तो प्रश्न ज्याने आपल्याकडे अगदी आरंभी सोडवून दाखविला, त्याचे चरित्र म्हणून आज सांगावेसे वाटते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचा. घराणे दैवज्ञ सोनारांचे, आडनाव मुरकुटे. पूर्वजांनी मुंबईस येऊन व्यापारात पैसा मिळविला होता, आणि वडील शंकरशेट हे शहरातील मोठ्या सावकारांत गणले जात. मुलास शिकविण्यासाठी घरी शिक्षक ठेवले होते. इंग्रजी नाना घरीच शिकले. १८२२ साली वडील वारले तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. एवढ्या वयात एवढी मालमत्ता हाती आली म्हणजे माणूस एक तर उधळतो, नाही तर तिजोरीवर बसून राहतो. नानांनी दोन्ही केले नाही.

योगायोग असा, की त्याच १८२२ साली मुंबईत गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाने शाळा काढण्यासाठी व शाळेची पुस्तके छापण्यासाठी एक सोसायटी निघाली. १८२७ पासून ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी म्हणून ओळखली जाऊ लागली. कारभारी मंडळात साहेब होते तसेच हिंदू, पारशी व मुसलमान गृहस्थही होते, आणि ही गोष्ट त्या काळी नवी होती. नाना या मंडळात आले आणि तेथेच घडले. शाळेचा कारभार कसा करावा हे शिकविणारी शाळा तेव्हा नव्हती. जे शिकावयाचे ते बैठकीत बसून, हिशेब पाहून, आणि मुलांच्या परीक्षांना हजर राहूनच शिकावे लागे.

आम्हा गाणाऱ्यांस यात नवल वाटू नये. माझे वडील दरबारी गवई. संस्थान गेल्यावरही सणासुदीस राजवाड्यावर त्यांची हजेरी असे. ते सांगत, की कलावंतांच्या कारखान्यावर नेमलेला चांगला दरोगा स्वतः गात नसे; परंतु कोणाचा तंबोरा दुरुस्तीस आला आहे, कोणाचा पगार अडला आहे, आणि कोणाच्या रियाजाच्या वेळी आपण तिकडे फिरकू नये, हे त्यास पक्के ठाऊक असे. ही समज ऐकून ऐकून येते, आणि नानांची तालीम याच जातीची होती.

त्या सोसायटीपुढे काम होते ते पायापासूनचे. मराठीत व गुजरातीत गणिताची, भूगोलाची, व्याकरणाची शाळोपयोगी पुस्तके जवळजवळ नव्हतीच. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली पंडितांनी ती तयार केली, छापली. मग शिकविणारे हवेत, म्हणून तरुणांस मुंबईत तयार करून गावोगाव पाठविले. १८२६ च्या सुमारास सुरतेत जी नव्या धर्तीची शाळा सुरू झाली, तिचे दुर्गाराम मेहताजी हे मुंबईत तयार झालेल्या अशाच तरुणांपैकी. पुढे मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग हेही सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक होऊन आले, आणि १८४४ साली दुर्गारामांसह त्यांनी तेथे मानवधर्मसभा स्थापन केली. गुजरातेतील सुधारणेच्या इतिहासात या सभेस मोठे स्थान आहे. मुंबईच्या मंडळात बसून खर्चाचे कागद मंजूर करणाऱ्यांचा हात असा सुरतेपर्यंत पोहोचलेला होता. आज कतारगामातले मूल पाटीवर जे गणित मांडते, त्याची एक मुळी तेथे आहे.

१८२७ साली एल्फिन्स्टन विलायतेस जावयास निघाले. त्यांचा पुतळा उभारण्यावर न थांबता त्यांच्या नावे अध्यापक नेमावेत, असे मुंबईकरांनी ठरविले आणि दोन लाखांहून अधिक रुपये वर्गणी जमविली. त्यातूनच पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी राहिली. बाळशास्त्री जांभेकर, दादाभाई नौरोजी यांच्यासारखी माणसे तेथे शिकविती झाली. या संस्थेच्या उभारणीत नाना आघाडीवर होते.

१८४० साली सोसायटीचा कारभार सरकारने नेमलेल्या बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेला. या बोर्डावर तीन एतद्देशीय सभासद होते : नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. बाकीचे युरोपियन, आणि अध्यक्षही युरोपियन. १८४३ पासून हे अध्यक्षपद सर अर्स्किन पेरी यांच्याकडे होते. ते मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, विद्वान आणि कामास वाघ. त्यांचे मत असे, की पैसा थोडा आहे. तो वरच्या वर्गातील थोड्यांस इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात घालावा, म्हणजे विद्या वरून खाली आपोआप झिरपेल.

नानांच्या आयुष्यातील खरी कसोटी येथे आहे. ते स्वतः उत्तम इंग्रजी जाणत, साहेबलोकांत त्यांची ऊठबस, आणि त्यांच्या मुलाबाळांस इंग्रजी शिकण्यास कसलीही अडचण नव्हती. पेरीसाहेबांच्या धोरणाने त्यांचे काडीचे नुकसान होणार नव्हते. झालाच तर फायदा होता. असे असता १८४७ च्या मे महिन्यात त्यांनी बोर्डापुढे आपले लेखी मत ठेवले ते अध्यक्षांच्या विरुद्ध. इंग्रजीस त्यांचा विरोध नव्हता; ज्यास सवड व साधन आहे त्याने ती अवश्य शिकावी, असेच ते मानीत. पण शेतकऱ्याच्या, कारागिराच्या, दुकानदाराच्या मुलास परकी भाषा पुरती शिकण्याइतकी वर्षे शाळेत काढता येत नाहीत. त्यास उपयोगी ज्ञान द्यावयाचे तर ते त्याच्या भाषेतूनच दिले पाहिजे, आणि देशी भाषांत ते पेलण्याचे सामर्थ्य आहे, असे त्यांनी निक्षून मांडले. फ्रामजी कावसजी, मकबा आणि जर्व्हिस हे त्यांच्या बाजूस उभे राहिले. चौघे एकीकडे, अध्यक्ष धरून तिघे दुसरीकडे.

अध्यक्षांच्या विरुद्ध बहुमत गेले म्हणून प्रश्न मिटला नाही. तो सरकारकडे गेला, आणि १८४८ साली सरकारने असे उत्तर दिले की दोन्ही पक्षांनी ते आपापल्या सोयीने वाचावे. व्यवहारात पेरीसाहेबांचाच कल चालत राहिला. १८५२ साली ते गेले. १८५४ मध्ये विलायतेहून वुडसाहेबांचा शिक्षणविषयक खलिता आला. वरचे शिक्षण इंग्रजीतून, परंतु बहुजनसमाजाचे शिक्षण देशी भाषांतून, हे तत्त्व त्याने मान्य केले. नानांनी सात वर्षांपूर्वी धरलेली बाजू फार करून हीच होती. पुढल्या वर्षी बोर्ड मोडून सरकारचे शिक्षणखाते आले.

या वादात नानांनी काय केले नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ते बोर्ड सोडून गेले नाहीत. मत मान्य होत नाही म्हणून त्यांनी शाळांची वर्गणी बंद केली नाही. पेरींशी भांडण झाले ते मताचे. पेरींच्या सन्मानार्थ पुढे मुंबईकरांनी वर्गणी जमवून कायद्याचे अध्यापकपद काढले, इतका मोकळेपणा त्या समाजात होता. आजच्या समित्यांत एक ठराव फेटाळला गेला की दुसऱ्या दिवसापासून बोलणे बंद होते. असली बेबनावाची खोली मुलांच्या वर्गाला लागूनच असते, हे आपण विसरतो.

मंडळाबाहेरही त्यांनी हात आखडता घेतला नाही. १८४८ साली एल्फिन्स्टनमधील विद्यार्थ्यांनी एक सभा काढली, आणि पुढल्या वर्षी त्या सभेच्या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलींनी शिकणे म्हणजे अधर्म, असे मानणारी माणसे नानांच्या स्वतःच्या गोतावळ्यात कमी नव्हती. तरीही त्यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेस जागा दिली. देणगीचा आकडा वहीत घालणे सोपे; आपल्या घराच्या दारातून परक्यांच्या मुली पाटीदप्तर घेऊन ये-जा करू देणे, आणि जातभाईंच्या टोमण्यांस रोज तोंड देणे, हे अवघड. या एका गोष्टीने मंडळातल्या त्यांच्या शब्दास वजन आले असले पाहिजे.

बाकीचे चरित्र थोडक्यात सांगतो. १८५२ साली निघालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते आधारस्तंभ होते. १८५७ साली बंडवाल्यांशी संधान असल्याचा संशय त्यांच्यावर घेतला गेला. चौकशीत काही निघाले नाही. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, त्याच्या पहिल्या फेलोंत ते होते. १८६२ च्या सुमारास मुंबईच्या कायदेमंडळातही त्यांस घेतले. आम्हा कलावंतांस त्यांचा आणखी एक उपकार स्मरला पाहिजे : ग्रँट रोडची नाटकशाळा त्यांच्याच जागेवर, त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली, आणि १८५३ साली सांगलीकर विष्णुदास भाव्यांनी तेथे मराठी नाटके केली. ३१ जुलै १८६५ रोजी नाना वारले. मुंबईतला शेअरांचा बाजार त्याच महिन्यात कोसळला होता आणि कितीएक धनिक रस्त्यावर आले होते. नानांनी शाळांत गुंतविलेले भांडवल मात्र बुडण्यासारखे नव्हते.

त्यांच्या मागे कारभाराची तऱ्हा बदलत गेली. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली, १८९३ पासून अमरेलीकडे सक्तीचे शिक्षण करून पाहिले आणि १९०६ मध्ये ते साऱ्या राज्यात लागू केले. तेथे कारभारी स्वतः राजा होता. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा नगरपालिकांच्या व लोकल बोर्डांच्या हाती आल्या, तेव्हा वकील, व्यापारी व कार्यकर्ते स्कूल बोर्डांवर बसू लागले. आता मुलांचे आईबाप बसतात. शेटजी, राजा, वकील, आणि शेवटी कारागीर : पावणेदोनशे वर्षांत खुर्ची खाली उतरत आली आहे, आणि माझ्या मते योग्य ठिकाणी आली आहे.

मात्र खुर्चीपुढला प्रश्न पुष्कळसा तोच राहिला. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांतून चालतात. दुसरीकडे कतारगामातला कारागीर पोट बांधून मुलास इंग्रजी शाळेत घालू पाहतो, आणि त्यास दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याने जगाचा बाजार पाहिला आहे. गाण्याच्या तासाला मला एवढे दिसते, की जे मूल आपल्या भाषेतला शब्द उमजून गाते त्याचा सूर लवकर लागतो, आणि मग परक्या भाषेतले गाणेही ते धीटपणे उचलते. नाना इंग्रजीच्या आड आले नव्हते. इंग्रजीची वाट ज्यांस परवडत नाही, त्यांच्यासाठी दुसरी वाट बुजू नये, एवढ्यासाठी ते अध्यक्षांपुढे उभे राहिले.

म्हणून समितीवर नव्याने आलेल्या आईबापांच्या प्रशिक्षणात कायद्याच्या कलमांबरोबर हे चरित्रही अर्धा तास सांगावे. हिशेब स्वतः पाहावा, परीक्षेच्या दिवशी शाळेत हजर राहावे, शिक्षकाच्या शिकविण्यात लुडबूड करू नये, आणि जे मूल आपल्या घरचे नाही त्याच्या बाजूने बोलण्याची वेळ आली तर गप्प बसू नये. नानांच्या आयुष्यातून एवढी चार कामे सहज वेचून घेता येतात. यांपैकी एकासही पैसा लागत नाही, आणि इंग्रजीही लागत नाही.