वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्देकाई हाफकिन (१५ मार्च १८६०, ओदेसा – २६ ऑक्टोबर १९३०, लोझान) हे पटकी आणि ग्रंथिक सन्निपात, म्हणजेच प्लेग, या दोन रोगांवर लस तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. यांपैकी प्लेगची लस त्यांनी मुंबईत सिद्ध केली. परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्या नावाने ओळखली जाते.

पूर्वायुष्य

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील एका ज्यू कुटुंबात झाला. ओदेसा येथील विद्यापीठात ते इल्या मेच्निकोव्ह यांचे विद्यार्थी होते. विद्यार्थिदशेत त्यांनी झारशाहीविरोधी चळवळीत भाग घेतला. ज्यू वस्तीवर हल्ले झाले तेव्हा तिच्या संरक्षणासाठीही ते उभे राहिले आणि त्यापायी त्यांना कारावास भोगावा लागला. धर्मांतर केल्यास अध्यापकपद मिळण्याचा मार्ग मोकळा होता; तो त्यांनी नाकारला. १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत संशोधकाची जागा रिकामी नसल्याने त्यांनी ग्रंथालयातील काम पत्करले आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा गाठली.

पटकीची लस

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पटकीची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९३ साली ते कलकत्त्यास आले. आरंभी लोकांचा विरोध झाला, क्वचित दगडही पडले. तथापि वस्त्यांतून प्रत्यक्ष टोचणी करून पुढील दोन-अडीच वर्षांत त्यांनी सुमारे ४२,००० लोकांना लस दिली. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ साली ते काही काळ युरोपात परतले.

मुंबईतील प्लेग

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकटला. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली, एक ओसरी, एक कारकून आणि तीन शिपाई एवढेच साहाय्य मिळाले. एवढ्या तुटपुंज्या साधनांनिशी तीन महिन्यांत लस तयार झाली, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी अशी आहे. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या बंदिवानांवर तिचा प्रयोग झाला आणि लस न घेतलेल्यांत रोगाचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा गावी झालेला प्रयोग यापेक्षाही महत्त्वाचा आहे. तेथे घरोघरच्या माणसांपैकी साधारण निम्म्यांना लस टोचण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व त्यांतील २६ दगावले. एकाच छपराखालची, एकच अन्नपाणी घेणारी माणसे असल्यामुळे ही तुलना शंकेला फारशी जागा ठेवीत नाही.

संमती, सक्ती आणि दाखला

सातारा जिल्हा आणि सांगली, मिरज ही तत्कालीन संस्थाने यांनाही प्लेगची झळ बसली. साथ आली की गावकरी घरे सोडून माळावर झोपड्या घालून राहत. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे जन्मगाव असलेल्या सावित्रीबाई फुले पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना स्वतः या रोगाला बळी पडल्या. तो दिवस १० मार्च १८९७ होता; हाफकिन यांनी स्वतःवर लस टोचून घेतल्याला तेव्हा अवघे दोन महिने झाले होते.

त्याच वर्षी साथरोगांचा कायदा झाला. त्याखाली सोजिरांकरवी होणाऱ्या घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोकांत प्रक्षोभ माजला व जूनमध्ये पुण्यात रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. हाफकिन यांचा मार्ग याहून वेगळा होता. लस संमतीनेच द्यावी, असे त्यांचे मत होते. तरीही सरकारने लवकरच लस घेतलेल्यांना दाखले देऊन प्लेगच्या काही निर्बंधांतून सूट देण्यास सुरुवात केली. नावाला ही सक्ती नव्हती. पण ज्याला प्रवास करायचा आहे किंवा घर सोडायचे नाही, त्याला हा फरक कितपत जाणवला असेल, हा प्रश्नच आहे.

मुलकोवालची दुर्घटना

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मृत्यू पावले. हे सर्व एकाच कुपीतून लस घेतलेले होते. चौकशीत ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर करण्यात आले. वस्तुतः कुपी उघडताना हातातून जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी १९०७ साली लंडनच्या टाइम्समध्ये त्यांची बाजू मांडली, तेव्हा कोठे ते दोषमुक्त झाले. ऐन उमेदीची पाच वर्षे मात्र वाया गेली होती. परत आल्यावर त्यांची नेमणूक कलकत्त्यास झाली. मुंबईची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही.

उत्तरायुष्य व वारसा

१९१४ साली निवृत्त होऊन हाफकिन युरोपात गेले. ते अविवाहित होते. आपली संपत्ती त्यांनी ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवली. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून चालणाऱ्या त्यांच्या प्रयोगशाळेला १९२५ साली, ते हयात असतानाच, हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले.

दाखल्याची प्रथा मात्र टिकून राहिली. विसाव्या शतकाच्या मध्यास पंढरीच्या वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागे. लोणंद, फलटण या वाटेने जाणाऱ्या दिंड्यांतील वृद्धांच्या स्मरणात ही टोचणी अद्याप आहे. पटकीच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय प्रवासासाठीची अट १९७३ साली रद्द झाली.

कोरोनाच्या साथीनंतर २० ऑक्टोबर २०२१ पासून महाराष्ट्रातील महाविद्यालये पुन्हा उघडली, तेव्हा लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या विद्यार्थ्यांनाच वर्गात बसण्याची मुभा होती. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतील सातारा व सांगली जिल्ह्यांतील महाविद्यालयांनाही ही अट लागू होती. त्याच वर्षी हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या परळच्या औषधनिर्मिती महामंडळाला कोव्हॅक्सिन ही लस तयार करण्याची अनुमती मिळाली.