तुकोबांच्या वाटेनं : रेव्हरंड टिळक

टिळक म्हटलं की लोकमान्य. आपल्यापैकी शंभरातले नव्याण्णव जण हेच सांगतील. मीही सांगितलं असतं. शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पाठ केली होती, कवीचं नाव रे. ना. वा. टिळक. त्या ‘रे.’चा अर्थ काय, हे विचारायचं कधी सुचलं नाही.

तो कळला होस्टेलवर. माझा रूममेट नगरकडचा (आताचं अहिल्यानगर). रविवारी सकाळी आंघोळ करून गुणगुणत बसायचा. चाल अगदी ओळखीची, मारेगावला आमची आजी एकादशीला म्हणते तशी. मी बेधडक म्हटलं की तुकोबांचा अभंग दिसतो. तो हसला. म्हणाला, टिळकांचा आहे, आमच्या चर्चमध्ये म्हणतात. चर्चमध्ये अभंग? मला वाटायचं तिथे पियानो आणि इंग्रजीच असतं. सबमिशन बाजूला ठेवून मी त्याच्याकडचं ‘स्मृतिचित्रे’ वाचायला घेतलं. लेखिका लक्ष्मीबाई, टिळकांच्या पत्नी.

नारायण वामन टिळकांचा जन्म १८६१ चा, कोकणातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर. माणूस हुशार, पण एका जागी टिकेल तर शपथ! लग्न झालं १८८० साली, तरी नोकऱ्या आणि गावं बदलणं चालूच. पुढे नागपूरला आले, तिथे ‘ऋषी’ नावाचं मासिकही चालवलं. जुना धर्म मनाला पटेना आणि नवा सापडेना, अशी अवस्था. मग १८९३ च्या सुमारास राजनांदगावला जाताना रेल्वेत एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या आणि उतरताना त्यांनी टिळकांच्या हातात बायबलचा नवा करार ठेवला. आपण प्रवासात मिळालेलं पुस्तक बॅगेत टाकून विसरतो. टिळकांनी ते खुणा करत करत वाचलं, आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाशी येऊन ते थांबले ते थांबलेच.

१० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. इथे मात्र मला टिळकांचा राग आला, खोटं कशाला बोलू? देव सापडला याला, आणि लहान मूल कडेवर घेऊन नातेवाईकांच्या दारी दिवस काढायचे तिनं! चार-पाच वर्षं दोघं वेगळी राहिली. नंतर त्या नगरला आल्या, पण सुरुवातीला सोवळं सांभाळूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांच्या बाजूनं लिहायला हवं. जात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या डोक्यानं सोडवला आणि कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं ठरवलं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

टिळकांचं खरं काम मला पुढचं वाटतं. तेव्हा मराठी चर्चमध्ये गाणी बरीचशी इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही तिकडच्या. शब्द मराठी, पण म्हणणाऱ्याच्या गळ्यात ते बसेनात. (आपल्या काही टेक्स्टबुकांची भाषांतरं आठवा!) टिळकांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, उभं राहून कीर्तनं केली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते मानत. धर्म बदलला म्हणून भाषा, गाणं आणि देश बदलत नाही, हे त्यांनी मिशनमध्ये राहूनच मिशनऱ्यांना सुनावलं. १९१२ पासून ते ‘ज्ञानोदय’चा मराठी भाग सांभाळत होते. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी मुलासारखे राहत.

१९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरीच सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्ताच्या मागे जाणाऱ्या कुणालाही तिथे जागा. हे बऱ्याच जणांना पचलं नाही. पण दोनच वर्षं मिळाली. ९ मे १९१९ ला ते मुंबईत वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला आणि अस्थी नगरला नेल्या. अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. शाळेत न गेलेल्या बाईनं महाकाव्य लिहावं, म्हणजे कमालच!

आता हे सगळं मी का लिहितोय. मारेगावला आमच्या शेजारच्या काकू तीन वर्षांपासून रविवारी प्रार्थनेला जातात. तेव्हापासून आजीनं त्यांच्याकडे पाणी पिणं सोडलं. आधी दोघी रोज संध्याकाळी एकाच ओट्यावर बसून वाती वळायच्या. दिवाळीच्या सुट्टीत मी आजीला ‘स्मृतिचित्रे’तलं पाण्याचं प्रकरण वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. फक्त विचारलं, का रे, मंग त्या बाईची बहीण तिच्यासंग बोलत होती का नाही?

संध्याकाळी तिनं फराळाचं ताट भरलं आणि काकूंकडे देऊन ये म्हणाली. मी गेलो. ताट रिकामं परत येत नाही, काकूंनी करंज्या घातल्या. आजीनं त्या झाकून ठेवल्या. खाल्ल्या की नाही, माहीत नाही. पहाटेच मला वणीची एस.टी. धरायची होती.