विश्लेषण : स्पोर्टी आलिशान गाडीचे टायर बदलताना काय पाहायचे? मोजे शिवणाऱ्या शोजिरो इशिबाशींची गोष्ट काय सांगते?

चाकण-तळेगाव रस्त्यावरचा एखादा खोल खड्डा आणि अठरा इंची चाकांची आलिशान गाडी. दुसऱ्या दिवशी टायरच्या कडेला फुगा आलेला दिसतो आणि दुकानाची पायरी चढावी लागते. तिथे ब्रँड, किंमत, वॉरंटी अशी चर्चा सुरू होते. यातला टायर बदलून देण्याच्या हमीचा मुद्दा जपानमधील एका उद्योजकाने जवळपास शंभर वर्षांपूर्वी पणाला लावला होता. त्यासाठी त्याने कुटुंबाचा चांगला चाललेला धंदा धोक्यात घातला. त्याच्या कंपनीचा एक कारखाना आज चाकणमध्ये आहे. ब्रिजस्टोनचे संस्थापक शोजिरो इशिबाशी यांचा हा प्रवास आणि टायर निवडताना त्यातून मिळणारा धडा...

शोजिरो इशिबाशी कोण होते?

इशिबाशी यांचा जन्म १८८९ मध्ये जपानच्या क्युशू बेटावरील कुरुमे या गावात झाला. घरचा शिवणकामाचा व्यवसाय होता. शर्ट, अंतर्वस्त्रे आणि ‘ताबी’ अशा वस्तू तिथे तयार होत. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे. चपलेचा पट्टा अंगठ्यात अडकवता यावा, म्हणून त्यांची शिवण तशी असते. व्यापारी शाळेतील शिक्षण १९०६ मध्ये संपल्यावर त्यांना पुढे शिकायचे होते. मात्र वडिलांनी धंदा दोन्ही मुलांकडे सोपवला. थोरला भाऊ सैन्यात गेल्याने वयाच्या सतराव्या वर्षी सगळा भार शोजिरो यांच्यावर आला.

त्या काळी शिकाऊ कामगारांना पगार देण्याची पद्धत नव्हती. जेवण, कपडे आणि राहण्याची जागा दिली की मालकाचे काम संपत असे. इशिबाशी यांनी पगार सुरू केला आणि कामाचे तास कमी केले. वडिलांना हे पटले नाही. पुढे त्यांनी बाकीची शिवणकामे बंद करून फक्त ताबी बनवायचे ठरवले.

मोज्यांच्या धंद्यात वेगळे काय केले?

ताबीच्या प्रत्येक मापाची किंमत वेगळी असे. त्यामुळे हिशेब किचकट होई. टोकियोच्या ट्राममध्ये अंतर कितीही असले तरी भाडे एकच, हे पाहून इशिबाशी यांनी १९१४ मध्ये सर्व मापांना एकच दर लावला. दुकानदारांचे काम सोपे झाले आणि खप वाढला. त्याआधी १९१२ मध्ये त्यांनी मोटारगाडी घेतली होती. क्युशूमध्ये तेव्हा मोटार दिसणे हीच बातमी होती. त्या गाडीतून ते गावोगावी ताबीची जाहिरात करत.

कामगार आणि शेतकरी तेव्हा गवताच्या सपाता वापरत. त्या काही दिवसांतच फाटत. ताबीला रबरी तळवा शिवला, तर तो सुटून येई. इशिबाशी यांच्या कारखान्याने तळवा शिवण्याऐवजी रबरानेच घट्ट चिकटवण्याची पद्धत विकसित केली. १९२३ मध्ये ‘जिकाताबी’ बाजारात आली. खाणकामगारांपासून शेतकऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ती उचलून धरली. कापडावर रबर कसे पक्के बसवायचे, हे तंत्र अशा रीतीने त्यांच्या हाती आले. टायरमध्येही कापडी दोऱ्यांचे थर आणि रबर यांची सांगड घालावी लागते.

मग टायरचा जुगार का?

१९२०च्या दशकाच्या अखेरीस जपानमधील बहुतेक गाड्या अमेरिकन होत्या आणि टायरचा व्यवसाय परदेशी कंपन्यांच्या हाती होता. जगातील रबराचा मोठा वाटा टायरसाठी वापरला जातो, ही बाब इशिबाशी यांनी हेरली. रबरी तळव्यांच्या कारखान्यालाही एक दिवस टायरकडे वळावे लागेल, असा त्यांचा अंदाज होता.

घरातून आणि कंपनीतून विरोध झाला. पादत्राणांचा धंदा उत्तम चालला असताना अनुभव नसलेल्या क्षेत्रात पैसा का ओतायचा, हा आक्षेप रास्त होता. तरीही त्यांनी टायर उद्योगाची राजधानी मानल्या जाणाऱ्या अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरातून यंत्रे मागवली. कुरुमेतील कारखान्याच्या एका कोपऱ्यात प्रयोग सुरू झाले. ९ एप्रिल १९३० रोजी पहिला टायर तयार झाला. १ मार्च १९३१ रोजी कंपनीची रीतसर स्थापना झाली.

‘ब्रिजस्टोन’ हे नाव कसे पडले?

जपानी भाषेत ‘इशि’ म्हणजे दगड आणि ‘बाशी’ म्हणजे पूल. शब्दशः भाषांतर ‘स्टोनब्रिज’ होते. ते कानाला बरे वाटेना म्हणून शब्दांची अदलाबदल झाली. परदेशातही विकायचा तर टायरला इंग्रजी नाव हवे, हा त्यामागचा हिशेब होता.

मोफत बदलून देण्याची हमी कितपत महागात पडली?

नवख्या कंपनीचा टायर कोण घेणार, हा खरा प्रश्न होता. इशिबाशी यांनी खराब निघालेला टायर मोफत बदलून देण्याची हमी दिली. परिणाम भयंकर होता. पहिल्या काही वर्षांत सुमारे एक लाख टायर परत आले. काही ग्राहकांनी हमीचा गैरफायदाही घेतला. कारखान्यात परत आलेल्या टायरचे ढीग साचले आणि तोटा वाढत गेला. पादत्राणांच्या नफ्यावर टायरचा विभाग तग धरून होता.

पण हेच ढीग कारखान्याची शाळा ठरले. टायर कुठे फाटला, थर कुठे सुटले, रबर कुठे भेगाळले, हे तंत्रज्ञांना प्रत्यक्ष रस्त्यावरून आलेल्या मालावर पाहता आले. दर्जा सुधारत गेला. १९३२ मध्ये फोर्डच्या जपानमधील कंपनीने हे टायर स्वीकारले आणि त्याच सुमारास निर्यातही सुरू झाली.

युद्धकाळात काय झाले?

दुसऱ्या महायुद्धात कारखाना लष्करासाठी राबत होता. इंग्रजी नाव चालणार नाही म्हणून १९४२ मध्ये कंपनीचे नाव ‘निप्पॉन टायर’ करण्यात आले. १९५१ मध्ये जुने नाव परत आले. जपानने जावा बेट ताब्यात घेतल्यावर तिथला अमेरिकन कंपनी गुडइयरचा कारखाना चालवण्याचे काम ब्रिजस्टोनकडे आले होते. पराभवानंतर तो कारखाना सुस्थितीत मूळ मालकांकडे गेला. पुढे १९५१ मध्ये याच गुडइयरने ब्रिजस्टोनशी तांत्रिक सहकार्याचा करार केला. परत येणाऱ्या टायरची जबाबदारी घेणाऱ्या कंपनीने परक्याच्या मालमत्तेबाबतही हात आखडता घेतला नाही, हे स्पर्धक विसरला नव्हता.

स्पोर्टी गाड्यांशी त्यांचा संबंध काय?

इशिबाशी केवळ टायरपुरते थांबले नाहीत. पुढे ‘प्रिन्स’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मोटार कंपनीत त्यांनी भांडवल घातले आणि तिचे अध्यक्षपद भूषवले. याच कंपनीची ‘स्कायलाइन’ १९५७ मध्ये आली. १९६४च्या जपानी ग्रां प्रीमध्ये स्कायलाइन जीटीने पोर्शे ९०४ला टक्कर दिली. पोर्शे जिंकली, पण दुसऱ्या क्रमांकावर स्कायलाइन होती. चार दारांच्या घरगुती गाडीतून शर्यतीची गाडी घडवण्याचा हा प्रयोग जपानमध्ये आजही सांगितला जातो. १९६६ मध्ये प्रिन्स कंपनी निसानमध्ये विलीन झाली.

१९६८ मध्ये ब्रिजस्टोनला दर्जा व्यवस्थापनासाठीचा मानाचा डेमिंग पुरस्कार मिळाला. ११ सप्टेंबर १९७६ रोजी इशिबाशी यांचे निधन झाले. टोकियोतील कलासंग्रहालय आणि कुरुमेतील शिक्षणसंस्थांना दिलेल्या देणग्या, हाही त्यांचा वारसा आहे. १९८८ मध्ये ब्रिजस्टोनने अमेरिकेची फायरस्टोन कंपनी विकत घेतली. मात्र याच फायरस्टोनला २००० मध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले. थर सुटून झालेल्या अपघातांत अनेकांचा बळी गेला होता. संस्थापकाने घालून दिलेला धडा नाव मोठे झाल्यावरही पुन्हा गिरवावा लागतो, हे त्यातून दिसले.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणपर्यंत हा धागा कसा आला?

मर्सिडीज-बेंझची भारतातील जुळणी १९९५ मध्ये पिंपरीत टेल्कोच्या आवारात सुरू झाली. २००९ मध्ये कंपनीने चाकणमध्ये स्वतःचा कारखाना उभारला. त्याच वर्षी फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला. ब्रिजस्टोनचा भारतातील पहिला कारखाना इंदूरजवळ खेडा येथे होता. चाकणचा कारखाना २०१३ मध्ये सुरू झाला. त्यामुळे या पट्ट्यात गाडी आणि टायर दोन्ही तयार होतात. पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या गाडीचा दुसरा टायर-संच कोणता, हे मालकच ठरवतो.

टायर बदलताना काय पाहावे?

वॉरंटी महत्त्वाची आहे, पण ती सहसा उत्पादनातील दोषांपुरती असते. खड्ड्यात आदळून आलेला फुगा त्यात बसेलच असे नाही. म्हणून आधी टायरच्या कडेवरील आकडे वाचावेत. उदाहरणार्थ, ‘२४५/४० आर १८ ९७ वाय’. यात २४५ ही मिलीमीटरमध्ये रुंदी. ४० म्हणजे कडेची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजेच ९८ मिलीमीटर. आर म्हणजे रेडियल आणि १८ हा रिमचा इंचातील व्यास. ९७ हा भार निर्देशांक, म्हणजे एका टायरवर कमाल ७३० किलो. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटर वेगाची क्षमता. डब्ल्यू असल्यास २७०, व्ही असल्यास २४०.

द्रुतगती मार्गावर गाड्यांची वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर असताना ३००चा टायर कशाला, असा प्रश्न पडतो. हे अक्षर केवळ वेगाचे नसते. टायर किती उष्णता सोसतो आणि त्याची बांधणी किती पक्की आहे, हेही त्यातून कळते. त्यामुळे गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी भार किंवा वेग निर्देशांकाचा टायर घेऊ नये.

कडेवरील चार अंकी आकडा निर्मितीची तारीख सांगतो. ‘३२२४’ म्हणजे २०२४ मधील ३२वा आठवडा. दुकानात पडून जुना झालेला टायर स्वस्त मिळाला, तरी त्याचे रबर कडक होत असते. काही गाड्यांत मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. ते पुढे-मागे बदलता येत नाहीत. मर्सिडीजसाठी ‘एमओ’, ऑडीसाठी ‘एओ’, बीएमडब्ल्यूसाठी तारा अशा खुणा असलेले टायर त्या कंपनीने तपासून घेतलेले असतात. रन-फ्लॅट टायर पंक्चर झाल्यावरही ताशी ८० किलोमीटरच्या आत साधारण ८० किलोमीटर जातो. अशा अनेक गाड्यांत स्टेपनी नसते. तिथे साधे टायर बसवायचे ठरवले, तर पंक्चर झाल्यावर काय करणार, हेही आधीच ठरवावे लागते.

दोनच टायर बदलले तर चालतात का?

एका आसावरचे दोन्ही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे हवेत. चारही टायर एकाच मापाचे असतील आणि दोनच नवे घ्यायचे असतील, तर ते मागे बसवण्याचा सल्ला टायर कंपन्या देतात. पावसात मागची चाके घसरली, तर गाडी सावरणे अवघड जाते. चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीत नव्या-जुन्या टायरमधील झिजेचा फरक यंत्रणेवर ताण आणतो. खाचांमधील झीजदर्शक खुणा १.६ मिलीमीटरला पृष्ठभागाशी समतल होतात. पण पावसाळ्यात पाणी बाजूला सारण्याची क्षमता त्याआधीच कमी झालेली असते. त्यामुळे जूनपूर्वी एकदा खाचा तपासून घेणे शहाणपणाचे.

इशिबाशी यांनी परत आलेला प्रत्येक टायर उघडून पाहायला लावला, कारण तो का फाटला याचे उत्तर त्यातच होते. गाडीमालकाचा जुना टायरही बरेच काही सांगतो. एकाच कडेने झिजला असेल, तर अलाइनमेंट बिघडलेले असते. मधोमध झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात असते. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी. नव्या टायरचे पैसे देण्याआधी जुना संच एकदा नीट पाहून घेतला, तर तीच चूक पुढच्या संचावर होत नाही.