गाभोळी भरलेला मासा तळ्यात अंडी का सोडत नाही? कोडं सोडवणारे इहेरिंग

पहिला जोरदार पाऊस झाला, ओढ्याला लोंढा आला की मासे उलटे वर चढतात. आपण त्याला वलगण म्हणतो, ब्राझीलमध्ये पिरासेमा म्हणतात. पण अशाच नदीच्या माशाला तळ्यात ठेवला तर तो वाढतो, गाभोळीही भरते, अंडी मात्र सोडत नाही. यावर तोडगा काढणारे रोडॉल्फो फॉन इहेरिंग हे मत्स्यशास्त्रातलं मोठं नाव. आपल्याकडे ते मत्स्यबीज विकत घेणाऱ्यांनाही फारसं माहीत नाही.

इहेरिंग १८८३ साली ब्राझीलमध्ये जन्मले. वडील हर्मान मूळचे जर्मन, साओ पावलोच्या संग्रहालयाचे संचालक. घरात प्राण्यांचाच विषय, मुलगाही त्यातच रमला.

ब्राझीलचा ईशान्य भाग कायमचा दुष्काळी. सरकारने तिथे जागोजागी तलाव बांधले होते. आपल्याकडच्या दुष्काळी कामांसारखंच समजा. या तलावांत मासे वाढवून लोकांच्या पोटाला आधार द्यायचा म्हणून १९३२ मध्ये एक समिती नेमली आणि इहेरिंग तिचे प्रमुख झाले. पन्नाशीच्या घरातला माणूस साओ पावलो सोडून त्या रखरखीत मुलखात गेला.

अडचण बीजाची होती. नदीचे मासे साठलेल्या पाण्यात प्रजननच करेनात. पुराचं पाणी, वाहती धार असा इशारा मिळाल्याशिवाय माशाच्या मेंदूखालची पीयूषिका ग्रंथी शेवटचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, पुरेसं सोडत नाही. मग तयार अंडीही पोटातच जिरतात.

शेजारच्या अर्जेंटिनात उसाय यांनी छोट्या माशांना ही ग्रंथी टोचून पाहिली होती. इहेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती युक्ती खाण्याच्या माशांवर आणली. एक मासा मारायचा, डोकं उघडून ती बारीकशी ग्रंथी काढायची, वाटायची, गाभोळीवरच्या मादीला टोचायची. १९३४ मध्ये हे जमलं. पूर नसताना अंडी मिळाली. दिसायला साधं काम, पण ग्रंथी इतकी लहान की ती शाबूत काढणं हाच खरा हात.

१९३९ मध्ये इहेरिंग वारले.

भारतात तेव्हा रोहू, कटला, मृगळाचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. त्यात नको ते शिकारी मासेही मिसळून येत आणि पैसे देऊन आणलेलं बीज तेच फस्त करीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी याच पीयूषिकेच्या इंजेक्शनने आपल्या माशांकडून अंडी मिळवली. त्याच तारखेला आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

आज ग्रंथी काढत बसावं लागत नाही. मेंदू पीयूषिकेला जो निरोप देतो त्याची नक्कल, आणि त्या निरोपाला आडवं येणारं रसायन रोखणारं औषध, दोन्ही एकाच बाटलीत तयार मिळतं. मासा वजन करून संध्याकाळी टोचायचा, पहाटेपर्यंत हॅचरीच्या गोल टाकीत अंडी तरंगू लागतात.